उदाहरण सोडवावयाचे म्हणजे काय?



मी नववीत असताना पदार्थविज्ञानाच्या गृहपाठात एक उदाहरण होते. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराने ब्रेक दाबले. त्यामुळे दर सेकंदाला त्याचा वेग २ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होऊ लागला. तर तो किती अंतरावर थांबेल? मला सूत्र तोंडपाठ होते. वेगाचा वर्ग करावयाचा आणि त्याला त्वरणाच्या दुपटीने भागावयाचे. १८ चा वर्ग ३२४. त्याला ४ ने भागले. उत्तर ८१ मीटर. दोन ओळींत उदाहरण संपले आणि मी वही मिटून खेळावयास गेलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्या उत्तरावर फुली मारली नाही. त्यांनी मला व आणखी दोघांना मैदानावर नेले. चुन्याची एक रेघ ओढली आणि तिच्यापासून ८१ मीटर अंतर फितीने मोजून तेथे एका मुलास उभे केले. नंतर मला सायकलवर बसविले आणि रेघ येताच ब्रेक दाबावयास सांगितले. मी रेघेपासून सहा-सात मीटरांवर थांबलो. लांबवर उभा असलेला तो मुलगा माझी वाट पाहत होता! सारे हसले, मीही हसलो. गुरुजी मात्र एवढेच म्हणाले, "उत्तर चुकले याचे वाईट वाटून घेऊ नकोस. ते चुकले आहे हे तुला दिसले नाही, याचे वाटू दे."

चूक कोठे झाली हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात आलेच असेल. वेग ताशी किलोमीटरमध्ये होता, त्वरण मीटर आणि सेकंद यांत होते, आणि मी दोहोंची खिचडी केली होती. ताशी १८ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत १८,००० मीटर, अर्थात् सेकंदाला ५ मीटर. ५ चा वर्ग २५. त्याला ४ ने भागले असता ६.२५ मीटर. मैदानाने दिलेले उत्तर आणि कागदाने दिलेले उत्तर आता जुळले.

आज इतक्या वर्षांनी आपल्या वह्या तपासताना मला तो प्रसंग वरचेवर आठवतो. सूत्रे आपणा सर्वांना येतात. तथापि उदाहरण वाचताक्षणीच "यात कोणते सूत्र घालावयाचे?" हा प्रश्न मनात उभा राहतो, आणि "येथे काय घडत आहे?" हा प्रश्न मागे पडतो. या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, हा दुसरा प्रश्न आधी विचारला तर पहिल्याचे उत्तर बहुधा आपोआप मिळते, आणि उत्तर हाती आल्यावर त्याला पुन्हा एकदा घटनेसमोर उभे करून "तू खरा आहेस काय?" असे विचारल्याशिवाय उदाहरण पुरे होत नाही.

घटना आधी, सूत्र नंतर

हा क्रम माझ्या पदरचा नव्हे, शास्त्राचाच आहे. इटलीतील गॅलिलिओने गतीचे नियम शोधले तेव्हा त्याच्यापुढे सूत्रांचे पुस्तक नव्हते. उतरत्या फळीला गुळगुळीत खाच पाडून त्याने तिच्यावरून धातूचा गोळा सोडला. सेकंद अचूक मोजणारे घड्याळ त्या काळी नव्हते. म्हणून भांड्यातून बारीक धारेने पाणी वाहू देऊन, जमलेल्या पाण्याच्या वजनावरून त्याने वेळ मोजली. दुप्पट वेळात गोळा दुप्पट नव्हे तर चौपट अंतर जातो आणि तिप्पट वेळात नऊपट, हे त्याला आढळले. हा अभ्यास त्याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितला आहे. पुढे १६८७ साली न्यूटनचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बल व गती यांचा संबंध तीन नियमांत बांधला गेला. आपल्या पुस्तकातील सूत्र ही अशा पाहण्याची आणि मोजण्याची शेवटची ओळ होय. आपण मात्र शेवटच्या ओळीपासून आरंभ करतो, आणि म्हणून अडखळतो.

तेव्हा उदाहरण हाती आले की पुढील पाच गोष्टी क्रमाने कराव्यात. पहिली, उदाहरण दोनदा वाचून घटना डोळ्यांपुढे आणावी आणि तिची साधी आकृती काढावी. दुसरी, ज्या वस्तूविषयी विचारले आहे ती एकच वस्तू निवडून तिच्यावर लागणारी सर्व बले बाणांनी दाखवावीत. तिसरी, दिलेल्या राशी एकाच मापनपद्धतीत लिहाव्यात. चौथी, कोणता नियम लागू पडतो हे शब्दांत लिहून मग आकडे घालावेत. पाचवी, उत्तराची परीक्षा घ्यावी. आता ही रीत चार उदाहरणांवर चालवून पाहू.

येथे घरातील वडीलधाऱ्या वाचकांसाठी एक खुलासा केला पाहिजे. आज ज्यास आपण बल म्हणतो त्यास जुन्या मराठी पुस्तकांत "प्रेरणा" म्हणत, आणि त्वरणास "प्रवेग". शब्द बदलले तरी शास्त्र तेच आहे. तेव्हा आजोबांची मदत घेण्यास हरकत नाही.

विहिरीवरील बादली

पाण्याने भरलेल्या बादलीचे एकूण वस्तुमान १२ किलोग्रॅम आहे. ती दोराने सरळ वर ओढली जात आहे. (अ) ती एकसारख्या वेगाने वर येत असताना दोरातील ताण किती? (आ) तिचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत असताना ताण किती?

घटना पाहा. बादली हवेत लोंबकळत आहे. तिला स्पर्श करणारी वस्तू एकच, ती म्हणजे दोर. तो तिला वर ओढतो. स्पर्श न करता तिच्यावर बल लावणारी दुसरी वस्तू म्हणजे पृथ्वी; ती तिला खाली ओढते. म्हणजे बाण दोनच. पुष्कळ विद्यार्थी येथे वरच्या दिशेने "गतीचे बल" म्हणून तिसरा बाण काढतात. बादली वर जात आहे, त्याअर्थी तिला वर नेणारे काहीतरी निराळे बल असलेच पाहिजे, असे त्यांना वाटते. पण प्रत्येक बाण काढताना "हे बल कोणती वस्तू लावते?" असे विचारावे. ज्या बाणाला धनी सापडत नाही, तो पुसून टाकावा.

पृथ्वीचे ओढणे म्हणजे बादलीचे वजन : १२ × ९.८ = ११७.६ न्यूटन. पहिल्या भागात वेग एकसारखा आहे, म्हणजे त्वरण शून्य. म्हणून दोन्ही बले समान असली पाहिजेत. ताण ११७.६ न्यूटन. बादली वर येत आहे तरी ताण वजनाहून तसूभरही अधिक नाही! हे अनेकांना चमत्कारिक वाटते. पण न्यूटनचा पहिला नियम हेच सांगतो. गती टिकविण्यासाठी बल लागत नाही. गती बदलण्यासाठी लागते.

दुसऱ्या भागात गती बदलत आहे. वरचे बल खालच्या बलाहून जितके अधिक, ते निव्वळ बल. आणि निव्वळ बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, १२ × ०.५ = ६ न्यूटन. म्हणून ताण ११७.६ + ६ = १२३.६ न्यूटन.

उत्तराची परीक्षा अशी घ्यावी. वेग वाढवावयाचा तर दोर अधिक ताणला गेला पाहिजे; उत्तर तसेच आले आहे. आता समजा, दोर जुना आहे आणि १५० न्यूटनांहून अधिक ताण सोसत नाही. मग १५० − ११७.६ = ३२.४ न्यूटन एवढेच निव्वळ बल हाती उरते. त्याला १२ ने भागले असता २.७ हे त्वरण मिळते. याहून जोराचा हिसका दिला तर दोर तुटणार. "जुन्या दोराला हिसका देऊ नये, सावकाश ओढावे" हे घरातील वडील माणसे अनुभवाने सांगतात. न्यूटनचा दुसरा नियम त्याचे कारण सांगतो.

बैल, गाडी आणि एक जुनी शंका

तिसऱ्या नियमाचा पाठ झाला की वर्गात दरवर्षी एक हात वर होतो. "गुरुजी, बैल जेवढ्या बलाने गाडीला पुढे ओढतात, तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी चालते कशी?" शंका उत्तम आहे. तिचे उत्तर आपल्या रीतीतील दुसऱ्या पायरीत आहे : वस्तू एकच निवडावी.

उसाने भरलेली गाडी घेऊ. एकूण वस्तुमान १,२०० किलोग्रॅम. बैलांची ओढ ९०० न्यूटन. रस्त्याचा व आसाचा विरोध ६०० न्यूटन. गाडीचे त्वरण किती?

आपला प्रश्न गाडीविषयी आहे. म्हणून आकृतीत गाडी एकटीच काढू. तिच्यावर पुढील दिशेने ९०० न्यूटन आणि मागील दिशेने ६०० न्यूटन. तिचे वजन आणि जमिनीचा वरचा आधार ही उभ्या दिशेतील दोन बले परस्परांना तोलतात. गाडी बैलांना मागे ओढते हे खरे. पण ते बल बैलांवर आहे, गाडीवर नाही. ते गाडीच्या आकृतीत काढणे म्हणजे शेजाऱ्याचा खर्च आपल्या जमाखर्चात मांडण्यासारखे होय. निव्वळ बल ३०० न्यूटन, त्याला १,२०० ने भागले, त्वरण ०.२५ मीटर प्रतिसेकंद वर्ग.

परीक्षा : या त्वरणाने चार सेकंदांत गाडीचा वेग सेकंदाला १ मीटर होईल, म्हणजे माणसाच्या सावकाश चालण्याइतका. बैलगाडीच्या बाबतीत हे शोभून दिसते. उत्तर २५ आले असते तर गाडी चार सेकंदांत आगगाडीला मागे टाकती. आणि दशांशचिन्ह घसरल्याचे आपल्याला वहीतच समजले असते.

मग बैल स्वतः पुढे कसे जातात? आता आकृतीत बैल एकटे काढा. गाडी त्यांना मागे ओढते. पण ते खुरांनी जमीन मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. जमिनीचे हे रेटणे गाडीच्या ओढीहून अधिक असेल तोवर बैलांचा वेग वाढतो. चिखलात खूर घसरू लागले की जमीन पुरेसे रेटू शकत नाही, आणि तेच बलवान बैल जागच्या जागी अडतात. दोष त्यांच्या शक्तीचा नसतो, घर्षणाचा असतो.

गोकाकचा धबधबा

आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा आपणांपैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. तेथे घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर उंचीवरून खाली उडी घेते. कड्यावर पाण्याचा वेग नगण्य मानला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर तळाशी पोहोचताना पाण्याचा वेग किती असेल?

हे उदाहरण दोन रीतींनी सुटते आणि दोन्ही करून पाहण्यात मौज आहे. पहिली रीत गतीची. विरामातून पडणाऱ्या वस्तूचे अंतर म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या निमपटीला वेळेच्या वर्गाने गुणून येणारी संख्या. म्हणून वेळेचा वर्ग = १०४ ÷ ९.८ = १०.६१, वेळ सुमारे ३.२६ सेकंद; आणि वेग = ९.८ × ३.२६ = सुमारे ३२ मीटर प्रतिसेकंद.

दुसरी रीत ऊर्जेची. वर असताना पाण्याजवळ स्थितिज ऊर्जा आहे : वस्तुमान × ९.८ × उंची. खाली येताना तिचे रूपांतर गतिज ऊर्जेत होते : वस्तुमानाचे निमपट × वेगाचा वर्ग. दोन्ही समान मांडल्या की वस्तुमान दोन्हीकडून निघून जाते आणि उरते ते असे : वेगाचा वर्ग = २ × ९.८ × ५२ = १०१९.२. वर्गमूळ सुमारे ३२. तेच उत्तर, आणि वेळ काढण्याची खटपट न करता! जेथे उदाहरणात वेळ विचारलेली नाही, केवळ उंची, अंतर आणि वेग यांचा संबंध आहे, तेथे ऊर्जेची वाट बहुधा जवळची असते, हे ध्यानात ठेवावे.

येथे आणखी एक सूचना करतो. गणकयंत्र या वर्गमूळाचे उत्तर ३१.९२४९११९ असे दाखविते आणि काही विद्यार्थी ते जसेच्या तसे उतरवितात. उंचीच जेथे "सुमारे ५२ मीटर" आहे, तेथे मिलिमीटरच्याही पलीकडचे अंक लिहिणे हा काटेकोरपणा नव्हे, काटेकोरपणाचे सोंग होय. सुमारे ३२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ११५ किलोमीटर, एवढे पुरे.

आता परीक्षा. प्रत्यक्षात पाण्याची धार हवेत फुटते, तुषार उडतात, आणि वेग याहून कमी होतो. आपण हवेचा विरोध सोडून दिला होता. म्हणून आपले उत्तर ही वरची मर्यादा समजावी. आणि तळाशी आदळल्यावर ती सारी ऊर्जा जाते कोठे? दर किलोग्रॅम पाण्यामागे ती सुमारे ५१० जूल आहे. काही अंश आवाजात जातो. परंतु भोवरे शमल्यावर बहुतेक सारी उष्णता होते. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे ४,१९० जूल लागतात. म्हणजे एवढ्या उंचीवरून पडूनही पाणी फार तर एका अंशाच्या आठव्या हिश्शाइतके तापेल. ऊर्जेच्या एककाला ज्याचे नाव दिले आहे, त्या जेम्स जूलने १८४० नंतरच्या दशकात असाच हिशेब प्रयोगाने केला. खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यातील पाती फिरवून, पाणी किती तापते हे त्याने अत्यंत चिकाटीने मोजले. ऊर्जा नाहीशी होत नाही, केवळ रूप पालटते, या सिद्धान्ताचा तो एक भक्कम आधार ठरला.

आणि हीच ऊर्जा पाणी आदळण्यापूर्वी यंत्राकडे वळविली तर? सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे १,००० किलोग्रॅम पाणी या उंचीवरून उतरले, तर अधिकांत अधिक सुमारे ५१० किलोवॅट शक्ती मिळेल. गोकाक येथील सूतगिरणीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच या पाण्याच्या शक्तीचा उपयोग करून घेण्यात आला. वहीतील उदाहरण आणि गिरणीचे चक्र यांत अंतर असते ते एवढेच.

शाळेच्या फाटकासमोर

आता शेवटचे उदाहरण. हे विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांच्या पालकांनीही सोडवावे अशी माझी विनंती आहे.

शाळा सुटली आहे. रस्त्यावर एक लहान मुलगा चेंडूमागे धावत येऊन थबकला आहे. त्याच्यापासून २० मीटर अंतरावर एक दुचाकी आहे. मूल दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत चालकाचा १ सेकंद जातो, आणि त्यानंतर दुचाकीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे माना. दुचाकीचा वेग ताशी (अ) ३६, (आ) ४५, (इ) ७२ किलोमीटर असेल तर काय होईल?

उत्तर काढण्यापूर्वी अंदाज करा. मी वर्गात हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी म्हणतात की, ३६ च्या वेगाने येणारा चालक थांबत असेल, तर ४५ च्या वेगाने येणारा फार तर हलकासा धक्का देईल. आता हिशेब पाहू.

(अ) ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. पहिल्या सेकंदात ब्रेक लागलेलेच नाहीत. त्यात १० मीटर गेले. पुढे थांबण्यास लागणारे अंतर १० चा वर्ग भागिले १०, म्हणजे १० मीटर. एकूण २० मीटर. दुचाकी मुलाजवळ येऊन नेमकी थांबते.

(आ) ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. पहिल्या सेकंदात १२.५ मीटर गेले, उरले ७.५ मीटर. आरंभीच्या वेगाचा वर्ग १५६.२५, त्यातून २ × ५ × ७.५ म्हणजे ७५ वजा केले, उरले ८१.२५. वर्गमूळ सुमारे ९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरांहून थोडा अधिक वेग. ताशी केवळ ९ किलोमीटरांचा फरक. पण जेथे पहिला चालक थांबला, तेथे दुसरा अजून ताशी ३२ किलोमीटर वेगाने धावत आहे!

(इ) ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. चालकाचा हात ब्रेकवर पोहोचतो त्याच क्षणी २० मीटर संपलेले असतात. वेग तसूभरही कमी झालेला नसतो.

उत्तराची परीक्षा घेतल्याशिवाय उदाहरण पुरे होत नाही, असे आपण म्हटले आहे. ती येथेही घेऊ. ताशी ३२ किलोमीटर म्हणजे काय, हे केवळ आकड्यावरून मनात भरत नाही. म्हणून धबधब्याचे गणित उलटे करू : किती उंचीवरून पडले असता तळाशी तेवढा वेग येतो? ८१.२५ भागिले १९.६, म्हणजे सुमारे ४ मीटर. घराच्या पहिल्या मजल्यावरील गच्चीवरून खाली पडावे, तसा तो वेग आहे. तिसऱ्या चालकाच्या बाबतीत ४०० भागिले १९.६, म्हणजे सुमारे २० मीटर; सहा मजली इमारतीची उंची! हा आकडा लिहिताना माझाही हात क्षणभर थांबतो.

असे का होते? कारण वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि ती घालविणारे घर्षणाचे बल मात्र तेवढेच राहते. म्हणून ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. गॅलिलिओला फळीवर भेटला तोच वर्ग आपल्याला रस्त्यावर भेटतो. आणि पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, घर्षण कमी झाले की तोच हिशेब आणखी कठीण होतो.

आता दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडू, म्हणजे न्याय होईल. शेवटचा एक किलोमीटर ताशी ३६ च्या वेगाने गेल्यास १०० सेकंद लागतात. ४५ च्या वेगाने ८० सेकंद. वाचतात ते २० सेकंद. सकाळी "उशीर झाला, जरा लवकर चला" असे आपण मागे बसून वडिलांना म्हणतो, तेव्हा आपण मागत असतो ते हे २० सेकंद. आणि परवाना मिळण्याचे वय झालेले नसताना जे विद्यार्थी कोणाचीतरी दुचाकी घेऊन फाटकासमोरून वेगाने जातात, त्यांनी हे उदाहरण मनातल्या मनात नव्हे, कागदावर सोडवावे. त्यांना रागावण्यापेक्षा त्यांच्या हाती पेन्सिल देणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सुटीत सोडविण्यासाठी

१. ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा उद्‌वाहकात उभा आहे. उद्‌वाहक (अ) एकसारख्या वेगाने वर जात असताना, (आ) १ मीटर प्रतिसेकंद वर्ग या त्वरणाने वर निघत असताना, तळ त्याला किती बलाने वर रेटतो?

२. १० मीटर उंचीच्या माडावरून नारळ पडला. हवेचा विरोध सोडून दिल्यास जमिनीवर पोहोचताना त्याचा वेग किती? तो ताशी किलोमीटरमध्येही सांगा, आणि माडाखाली का उभे राहू नये हे घरातील धाकट्या भावंडांना समजावून द्या.

३. वरील दुचाकीच्या उदाहरणात रस्ता ओला असल्याने वेग दर सेकंदाला केवळ २.५ मीटर प्रतिसेकंद इतकाच कमी होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारा चालक एकूण किती अंतरात थांबेल?

उत्तरे : (१) ४९० न्यूटन, ५४० न्यूटन. (२) १४ मीटर प्रतिसेकंद. ताशी सुमारे ५० किलोमीटर. (३) ३० मीटर.

आकृती काढल्याशिवाय उत्तरे पाहू नयेत, आणि पाहिली तरी त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. स्वतः पडताळून घ्यावीत. चूक झाली तर ती चुन्याच्या रेघेपासून मोजून पाहण्यास आपल्या शाळेचे मैदान पुरेसे मोठे आहे. माझे गुरुजी आज हयात नाहीत. परंतु त्या ८१ मीटरांच्या टोकाला उभा असलेला तो मुलगा मला अजून दिसतो. प्रत्येक उत्तर लिहून झाले की मी त्याच्याकडे एकदा पाहतो. आपणही पाहावे.